एक शून्य जास्त पडलं आणि लाईट बिल उणे आलं

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण लिनिअर रिग्रेशनवर बोललो होतो, म्हणजे जुन्या आकड्यांमधून एक सरळ रेष काढायची आणि तिच्यावरून पुढचा अंदाज बांधायचा. त्यावर सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रं, व्हॉट्सॲप मेसेज आले आणि जवळजवळ सगळ्यांची अडचण एकच निघाली, डेटात एखादा वेडावाकडा आकडा आहे, त्याचं काय करू? म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देते. नावं छापत नाही, गाव तेवढं देते.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. महिन्याला किती टन माल निघाला आणि लाईट बिल किती आलं हे एक्सेलला टाकून ट्रेंडलाइन काढली तर कमी मालाच्या महिन्याला बिल मायनसमध्ये दाखवूलालंय. सूत्र परत परत तपासलं, बरोबर आहे. काय चुकूलालंय कळंना. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर : सूत्र बरोबरच असणार हो, एखादा आकडा चुकलाय. तुमची शीट माझ्यासमोर नाही म्हणून छोटे आकडे घेऊन दाखवते, कागद घेऊन बसा. समजा पाच महिन्यांत ४, ५, ६, ७ आणि ८ टन माल निघाला आणि बिल आलं ६०, ७०, ८०, ९० आणि १०० हजार. रेष एकदम स्वच्छ, २० हजार ठरलेला खर्च आणि वर दर टनाला १० हजार. आता टाइप करताना ८ टनाच्या महिन्यात एक शून्य जास्त पडलं, १०० हजाराचे १००० हजार झाले. परत ट्रेंडलाइन काढा. दर टनाला १० हजाराच्या जागी १९० हजार येतात आणि ४ टनाच्या महिन्याचं बिल येतं उणे १ लाख २० हजार! तुमच्याकडे जे दिसतंय ते हेच असणार.

आता तीच चूक दुसऱ्या महिन्यात करून बघा. मधल्या ६ टनाच्या महिन्यात ८० चे ८०० झाले तर उतार, म्हणजे दर टनाला किती हजार वाढतात तो आकडा, हलत पण नाही, १० चा १० च राहतो, फक्त अख्खी रेष १४४ हजारांनी वर सरकते. आणि पहिल्या म्हणजे ४ टनाच्या महिन्यात ६० चे ६०० झाले तर उतार होतो उणे ९८, म्हणजे माल जास्त काढला की बिल कमी येतं असं मॉडेल तुम्हाला सांगायला लागतं. चूक तीच, शून्य तेवढंच, पण ते कुठल्या महिन्यात पडलं त्यावर सगळं ठरतं. दगड उचकटायला पहार लावतो तेव्हा टोकाला धरलं की थोडक्या जोरात काम होतं आणि मध्ये धरलं की होत नाही, तसंच हे. सरासरीपासून लांब असलेल्या बिंदूच्या या ताकदीला लेव्हरेज म्हणतात आणि ती मोजता येते. आपल्या पाच महिन्यांत मधल्या बिंदूचं लेव्हरेज ०.२ आहे आणि टोकाच्या दोन्हींचं ०.६.

हे ०.६ काय सांगतं ते नीट बघा कारण खरी पंचाईत इथं आहे. शेवटच्या महिन्यात चूक झाली ९०० हजारांची. त्यातले ६० टक्के, म्हणजे ५४० हजार, रेषेनं स्वतःच त्या बिंदूकडे सरकून खाऊन टाकले, आणि आपल्याला त्या महिन्यात रेष आणि बिल यातला फरक दिसतो फक्त ३६० हजार. आणि ७ टनाचा महिना, ज्याचा आकडा अगदी बरोबर आहे, त्याचा फरक किती येतो माहितीये का? तो पण ३६०, फक्त उलट्या दिशेला. ५ टनाच्या महिन्याचा फरक शून्य. म्हणजे नुसता रेषेपासूनचा फरक बघून चोर शोधायला गेलात तर चांगल्या महिन्यावर पण तेवढाच संशय येतो. म्हणून मी नेहमी सांगते की फरकाचा तक्ता हातात घ्यायच्या आधी ग्राफ काढून डोळ्यांनी बघा.

आणि दुसरी गोष्ट, एकेक महिना बाजूला ठेवून रेष परत परत काढा. वरच्या आकड्यांत ८ टनाचा महिना काढला की उतार लगेच १० वर येतो, बाकी कुठलाही महिना काढला तर तो १९० ते २८० च्या मध्येच राहतो. कोण गडबड करतंय ते लगेच कळतं. डेनिस कुक यांनी १९७७ मध्ये याच विचारातून एक माप दिलं, त्याला कुक्स डिस्टन्स म्हणतात, एखादा बिंदू काढला तर सगळे अंदाज मिळून किती हलतात ते एका आकड्यात येतं. आर किंवा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषा वापरणाऱ्यांना ते तयार मिळतं, तुमच्या एक्सेलमध्ये हातानं करावं लागेल, पण महिने थोडेच असतील तर तासाभराचं काम आहे.

आकडा सापडला की लगेच डिलीट मारू नका, फाइलमधलं कागदी बिल काढा. शून्याची चूक असेल तर दुरुस्त करा, महिना ठेवा. पण कधीकधी बिल खरंच तेवढं आलेलं असतं, मागची थकबाकी धरून. किंवा एका महिन्यात रीडिंग न घेता सरासरी बिल आलं आणि पुढच्या महिन्यात सगळं एकदम वसूल झालं, म्हणजे लागोपाठ दोन महिने, एक खोटं कमी आणि एक खोटं जास्त. अशा वेळी रुपयांच्या मागे न लागता मीटरचे युनिट घ्या आणि ते दोन महिने मिळून एक धरा, माल पण दोन्हीचा मिळून.

प्रश्न : मी बारावीला आहे. रेष काढताना प्रत्येक फरकाचा वर्ग करून बेरीज कमीत कमी करतात असं वाचलं. वर्ग कशाला? नुसता फरक का नाही घेत? (बार्शी)

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलास. आधी एवढं लक्षात घे की नुसता फरक घेतला तर वरचे आणि खालचे एकमेकांना मारून टाकतात, म्हणून चिन्ह तरी काढावं लागतं किंवा वर्ग तरी करावा लागतो. चिन्ह काढून टाकायची पद्धत खरं तर जुनी आहे! बॉस्कोविच नावाच्या शास्त्रज्ञानं १७५७ च्या सुमाराला पृथ्वीच्या आकाराच्या मोजणीसाठी ती वापरली होती. वर्गाची पद्धत लजांद्रनं १८०५ मध्ये छापली, धूमकेतूंच्या कक्षा काढायला, आणि १८०९ मध्ये गाऊसनं छापली आणि वर म्हणाला की मी ही १७९५ पासून वापरतोय, त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. वर्गाची पद्धत जिंकली याचं मोठं कारण म्हणजे हातानं गणित करायला ती सोपी, समीकरणं सरळ सुटतात, आणि चुका छोट्या आणि दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या असतील तर ती उत्तम उत्तर देते हे गाऊसनं दाखवलं.

पण त्याची किंमत अशी की २ चा वर्ग ४ आणि २० चा वर्ग ४००, म्हणजे दहापट लांबचा बिंदू शंभरपट ओरडतो. रेषेऐवजी सगळ्या आकड्यांसाठी एकच आकडा शोधायचा असेल तर वर्गाच्या पद्धतीनं सरासरी मिळते आणि चिन्ह काढायच्या पद्धतीनं मध्यक (क्रमानं लावल्यावर मधला येणारा आकडा) मिळतो, हे तू स्वतः करून बघ, ५, ६, ७ आणि ५०० घेऊन. मध्यक जागेवर राहतो, सरासरी पळते. म्हणून हल्ली मजबूत पद्धती म्हणतात त्या बऱ्याचशा मध्यकाच्या जवळच्या आहेत. १९६४ मध्ये पीटर ह्यूबर यांनी मधला रस्ता काढला, फरक छोटा असेपर्यंत वर्ग आणि एका मर्यादेच्या पुढे साधा फरक.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती थाइल–सेन पद्धत, १९५० मध्ये हेन्री थाइल यांनी मांडली आणि १९६८ मध्ये आपल्या प्रणवकुमार सेन यांनी पुढं नेली. बिंदूंच्या सगळ्या जोड्या घ्यायच्या, प्रत्येक जोडीचा उतार काढायचा आणि त्या उतारांचा मध्यक घ्यायचा, बस. वरच्या टॉवेलच्या उदाहरणात पाच बिंदूंच्या दहा जोड्या होतात, त्यातल्या सहा चांगल्या, सहांचाही उतार १०, चार बिघडलेल्या, त्यांचे २३५, ३१०, ४६० आणि ९१०. मध्यक येतो १०. शून्य जास्त पडलेलं असूनसुद्धा! साधारण २९ टक्क्यांपर्यंत बिंदू खराब असले तरी ही पद्धत तग धरते. नुसतं चिन्ह काढायची पद्धत मात्र बिलाच्या आकड्यातल्या चुकीला पुरते, टनांचा आकडाच कुठल्या कुठे गेला असेल तर ती पण फसते, हे लक्षात ठेव.

प्रश्न : मी विद्यापीठात एम.एस्सी. करतोय. उजनी धरणाचा रोजचा पाणीसाठा टक्क्यांमध्ये गोळा केला आणि पावसाळा संपल्यापासून किती दिवस झाले त्यावरून साठ्याचा अंदाज करायचाय. डेटा साफ करताना ० च्या खालचे आणि १०० च्या वरचे सगळे आकडे काढून टाकले कारण टक्केवारी तशी असूच शकत नाही. तरी मे महिन्याचे अंदाज खूपच जास्त येतायत. (सोलापूर)

उत्तर : अरे, तू सोलापूरचा असून उजनी मायनसमध्ये जातं हे कसं विसरलास! बहुतेक उन्हाळ्यांत पेपरात पहिल्या पानावर असतं ते. धरणाची एकूण साठवण आहे साधारण ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृत साठा, म्हणजे तळाचं पाणी, आणि वरचा साधारण ५३ टीएमसी उपयुक्त. टक्केवारी सांगतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. पाणी मृत साठ्यात उतरलं की टक्केवारी उणे होते आणि त्यातूनही पाणी घ्यावं लागतं. एकूण ४२ टीएमसी उरलं तर टक्केवारी येते उणे ४० च्या आसपास. २०२३ ला पाऊस कमी झाला, धरण भरलंच नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० च्या पण खाली गेला होता. आणि पावसाळ्यात काठोकाठ भरलं की १०० च्या वर जातो, ते पण खरंच आहे.

आता तू उणे आकडे काढलेस तेव्हा काय झालं ते बघ. चांगल्या पावसाच्या वर्षी मे महिन्यात पण साठा शून्याच्या वर राहू शकतो, वाईट वर्षी तो जानेवारी-फेब्रुवारीतच उणे होतो. म्हणजे तुझ्या साफ केलेल्या डेटात मे महिन्याच्या ओळी उरल्या त्या फक्त चांगल्या वर्षांच्या, आणि दुष्काळाची वर्षं, ज्यांच्यासाठी हा अंदाज लोकांना हवाय, तीच सगळी कचऱ्यात गेली. ज्याचा अंदाज करायचाय त्याच आकड्यावर कात्री चालवली की रेष चपटी होते, उतार खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि तो कितीही वर्षांचा डेटा गोळा केला तरी सुधरत नाही. मला हे फार लागतं, कारण याच आकड्यांवरून शहराला किती दिवसाआड पाणी येणार याची चर्चा होते.

काढलेले आकडे परत घाल. आणि मग खरी चूक शोध, जी तुझ्या नियमात सापडलीच नसती. उतरवून घेताना उणेचं चिन्ह गळणं. उणे ३५ चा आकडा ३५ असा टाइप झाला तर तो ० ते १०० च्या मध्ये अगदी सभ्यपणे बसतो, कुठल्याही सॉफ्टवेअरला त्यात काही वावगं दिसणार नाही. तो पकडायचा उपाय म्हणजे आजचा वजा कालचा असा कॉलम काढ. उणे ३४, ३५, उणे ३५ असे तीन दिवस आले तर एका दिवसात ६९ टक्के वाढ आणि दुसऱ्या दिवशी ७० टक्के घट दिसेल, आणि उन्हाळ्यात एवढं पाणी एका दिवसात कुठून येणार? शंका आली तर साठा टीएमसीमध्ये घे, तिथं उणेची भानगडच नाही आणि धरणाची टक्केवारी काय आहे ते न कळणाऱ्या परगावच्या परीक्षकाला पण तुझं काम समजेल.

प्रश्न : आमच्याकडे नियम आहे की सरासरीपासून तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या बाहेरचं सगळं ऑटोमॅटिक उडवायचं. तरी चुकीचे आकडे राहतातच. नियम चार करू का दोन करू? (जुळे सोलापूर)

उत्तर : आकडा बदलून उपयोग नाही, नियमच कच्चा आहे. तुम्ही ज्या सरासरीपासून आणि ज्या डेव्हिएशननं, म्हणजे आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरलेत त्या मापानं, मोजताय ती दोन्ही त्या चुकीच्या आकड्यानंच फुगलेली असतात. याचा एक पक्का हिशेब आहे, n आकडे असतील तर कुठलाही आकडा सरासरीपासून (n उणे १) भागिले (n चं वर्गमूळ) एवढ्या डेव्हिएशनपेक्षा लांब जाऊच शकत नाही. १० आकडे असतील तर ही मर्यादा येते २.८५ च्या आत. म्हणजे १० आकड्यांत तुम्ही नऊ आकडे शंभराच्या आसपासचे आणि एक कोटीचा घातला तरी तो तीनच्या नियमात सापडणार नाही, कधीच नाही! ११ आकडे झाले तर जेमतेम सापडू शकतो. बारा महिन्यांच्या डेटावर हा नियम लावणारे लोक बघितले की काळजी वाटते. मध्यक घ्या, प्रत्येकाचं मध्यकापासूनचं अंतर घ्या, त्या अंतरांचा परत मध्यक घ्या आणि त्याच्या पटीत मोजा, तो एका आकड्यानं फुगत नाही.

कॉलम जास्त असतील तर एकेक कॉलम तपासून पण भागत नाही. टॉवेलचंच घ्या, ८ टन माल नेहमीचा आहे, ६० हजार बिल नेहमीचं आहे, पण ८ टनाला ६० हजार हे दोन्ही मिळून बसत नाही. अशा जोडीनं चुकलेल्या आकड्यांसाठी प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं १९३६ चं अंतर आहे, जगभर त्यांच्याच नावानं वापरतात, सॉफ्टवेअरच्या प्रत्येक लायब्ररीत मिळेल.

आणि ऑटोमॅटिक उडवणं बंद करा. आकड्यापुढे खूण करा, माणसाला बघू द्या. अंटार्क्टिकावरच्या ओझोनचं छिद्र १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी, फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी, जमिनीवरच्या उपकरणाच्या नोंदींवरून जाहीर केलं. नासाच्या उपग्रहाकडे तेच कमी आकडे आलेले होते, पण १८० डॉब्सन युनिटच्या (ओझोन मोजायचं एकक) खालच्या आकड्यांना संशयास्पद अशी खूण पडत होती. खूण होती, आकडे जपून ठेवलेले होते, म्हणून मागं जाऊन तपासता आलं आणि छिद्र किती मोठं आहे त्याचा नकाशा नासालाच काढता आला. ते आकडे उडवून टाकले असते तर काय तपासलं असतं?

प्रश्न : कांद्याच्या भावाचा अंदाज करायला मी गावातल्या शेतकऱ्यांकडून विक्रीचे आकडे गोळा केले. कुणी १५ लिहिलं, कुणी १५००. एकानं तर ५१२ किलोचे २ रुपये असं सांगितलं. हे सरळ काढून टाकू ना? (मोहोळ)

उत्तर : थांबा, काढू नका, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

१५ आणि १५०० ही एककाची गडबड आहे, एकाने किलोचा भाव दिला, दुसऱ्यानं क्विंटलचा. दोन्ही बरोबर. सगळ्या आकड्यांचा दहाच्या पायाचा लॉग घेऊन ग्राफ काढा, एकाच्या वर बरोबर २ च्या अंतरावर दुसरा असे दोन पट्टे दिसले तर समजा की अर्धे लोक किलोत आणि अर्धे क्विंटलमध्ये बोललेत. पण त्यावरून आपल्या मनानं शंभरानं गुणायला जाऊ नका, कारण आपल्याकडे कांद्याचा भाव खरंच एवढा हलतो. डिसेंबर २०१९ मध्ये सोलापूरच्या बाजारात चांगल्या कांद्याला क्विंटलला २० हजारांपर्यंत भाव निघाला होता, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच बाजारात किलोला १ रुपया, म्हणजे क्विंटलला १०० मिळाला. दोनशे पटीचा फरक, आणि दोन्ही खरे. त्यामुळे आडत्याची पट्टी मागा, तिच्यावर वजन आणि दर दोन्ही असतात.

आता ते २ रुपये. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा सोलापूरला विकला, भाव १ रुपया किलो, ५१२ रुपये झाले, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात २ रुपये ४९ पैसे आणि चेक आला २ रुपयांचा. देशभर बातमी झाली. तुम्हाला सांगणारा तेच सांगत असेल किंवा त्याच्याबरोबर पण तसंच झालं असेल, हा आकडा खोटा समजून पुसू नका. पण तो भाव नाही, ती खर्च वजा जाता उरलेली रक्कम आहे. भावाच्या कॉलममध्ये तिथं १ रुपया किलो येईल आणि २ रुपये वेगळ्या कॉलममध्ये. ज्याला शेतकऱ्याच्या हातात किती पडेल याचा अंदाज करायचाय त्याच्यासाठी तर हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे.

भाव एवढे पसरलेले असतील तर रेष लॉगवरच काढा, उंच भावाचे एकदोन महिने सगळी रेष ओढून नेणार नाहीत.

प्रश्न : आर-स्क्वेअर चांगला आला म्हणजे मॉडेल बरोबर ना? (पंढरपूर)

उत्तर : नाही. आर-स्क्वेअर म्हणजे आकड्यांमधल्या चढउतारापैकी किती भाग रेषेनं पकडला त्याचं माप. फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच दिले. चारींची रेष एकच, ३ अधिक ०.५ गुणिले क्ष, चारींचा आर-स्क्वेअर ०.६७. ग्राफ काढला तर एक ठीकठाक, एक वळणदार, एकात दहा बिंदू सरळ रेषेत आणि एक भलतीकडे, तो एक काढला की उतार ०.५ वरून ०.३५ च्या आसपास येतो. चौथ्यात दहा बिंदू क्ष बरोबर ८ वर एकावर एक उभे आणि एकच बिंदू १९ वर, म्हणजे अख्खी रेष त्या एकट्यानं ठरवली. तो काढला तर रेष काढताच येत नाही. आर-स्क्वेअर नंतर बघा, आधी ग्राफ.

प्रश्न : रब्बीच्या पेरणीला जमिनीत ओल किती होती आणि ज्वारीचा उतारा किती आला याचा संबंध काढतोय. भडक आकडा एक पण नाही, तरी ओलीचा परिणाम वाटतो त्यापेक्षा कमी दिसतोय. ओल स्वस्तातल्या मीटरनं मोजली. (मंगळवेढा)

उत्तर : उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. मालदांडी ज्वारी आपल्या काळ्या रानात साठलेल्या ओलीवरच येते, त्यामुळे संबंध असणारच. पण चूक कुठल्या बाजूला आहे त्यावर रेषेचं वागणं बदलतं. उताऱ्याच्या आकड्यात थोडी इकडंतिकडं चूक असेल, कुणी साडेनऊ पोत्यांना दहा सांगितलं, तर रेष थोडी डळमळीत होते पण एका बाजूला झुकत नाही, जास्त शेतं घेतली की सावरते. ओलीच्या आकड्यात तशीच चूक असेल तर मात्र रेषेचा उतार नेहमी शून्याकडे झुकतो. समजा शेताशेतातला ओलीचा खरा फरक ४ टक्क्यांच्या डेव्हिएशनचा आहे आणि मीटरची चूक २ च्या, तर १६ भागिले २०, म्हणजे खऱ्या उताराच्या ८० टक्केच तुम्हाला दिसणार, शंभर शेतं घ्या नाहीतर हजार. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच हे दाखवलंय. यात एकही आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फार लांब पडलेला आकडा, नसतो म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यातून वाट काय, तर काही शेतांत एकाच दिवशी, एकाच जागी दोनदा-तीनदा मोजा, त्यावरून मीटर किती चुकतो ते कळेल आणि उतार त्या हिशेबानं वाढवता येईल. पण आधी ठरवा तुम्हाला काय पाहिजे. पुढच्या वर्षी त्याच मीटरनं ओल मोजून उताऱ्याचा अंदाजच करायचा असेल तर आहे तीच रेष बरोबर आहे, तिला हात लावू नका, कारण मीटरची चूक तिच्यात धरली गेलीये. एक टक्का ओल वाढवली, बांधबंदिस्ती केली, तर ज्वारी किती वाढेल हे सांगायचं असेल तर मात्र दुरुस्त केलेला उतार लागेल. आणि रेष या मीटरवर काढून अंदाज लॅबच्या आकड्यांवर करायला गेलात तर दरवर्षी चुकेल, ओल्या वर्षी कमी सांगेल आणि कोरड्या वर्षी जास्त.

प्रश्न : आमचं चादरीचं दुकान आहे. विक्रीच्या ग्राफमध्ये जानेवारी आणि २०२० चे लॉकडाऊनचे महिने एकदम वेगळे दिसतात. मुलगा म्हणतो दोन्ही आउटलायर, काढा. (नवी पेठ)

उत्तर : दोन्ही वेगळे आहेत. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, बाहेरगावचे लोक येतात, जाताना चादर घेऊन जातात, आणि हे दरवर्षी होणार आहे. जे दरवर्षी होतं ते मॉडेलमध्ये पाहिजे, म्हणून एक कॉलम वाढवा, यात्रेचा महिना असेल तर १ नाहीतर ०, आणि रेष परत काढा. तो कॉलम नसेल तर यात्रेची जादा विक्री बाकीच्या अकरा महिन्यांच्या अंदाजात पसरते आणि तुम्ही जूनमध्ये माल जास्त भरून बसता.

लॉकडाऊन २५ मार्च २०२० ला लागलं, दुकान बंद होतं म्हणून विक्री नव्हती, गिऱ्हाईक नको म्हणत होतं म्हणून नव्हे. ते बंद महिने अंदाजातून बाजूला ठेवले तर चालेल, पण शीटमधून पुसू नका, शेजारच्या रकान्यात कारण लिहा आणि रेष दोन्ही प्रकारे काढून बघा, ते महिने धरून आणि सोडून. दोन्हींचा पुढच्या दिवाळीचा अंदाज जवळपास सारखा आला तर निवांत माल भरा. फार वेगळा आला तर दुकान उघडल्यानंतरचे महिने तपासा, त्यात अडून राहिलेली लग्नाकार्याची खरेदी एकदम झालेली असू शकते आणि ती तुम्ही नेहमीची विक्री म्हणून धरली असेल.